रायपूरमधील शाळाप्रवेश ते महाविद्यालयीन शुल्क : राज्याचे रहिवासी असल्याचे सिद्ध कसे होते?

छत्तीसगढमधील शाळांचे नवे सत्र साधारणपणे जूनच्या मध्यावर सुरू होते. या सुमारास राजधानी रायपूरमधील तहसील कार्यालये आणि लोकसेवा केंद्रांसमोर पालकांच्या रांगा लागतात. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला जातीचा. मात्र अनेकांची खरी चिंता तिसऱ्या कागदाची असते. स्थानिक निवासी असल्याचे प्रमाणपत्र हा तो कागद. महाराष्ट्रात ज्याला अधिवास प्रमाणपत्र किंवा बोलीभाषेत 'डोमिसाईल' म्हणतात, त्यालाच छत्तीसगढमध्ये 'निवास प्रमाण पत्र' किंवा 'मूल निवासी' असे म्हटले जाते.

हा कागद नेमका कधी लागतो आणि कधी लागत नाही, याविषयी पालकांमध्ये बराच गोंधळ आढळतो. पहिलीच्या प्रवेशासाठी तो अनिवार्य आहे, असे काहींना वाटते. आधार कार्डावर रायपूरचा पत्ता आला की काम झाले, असा इतरांचा समज असतो. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. शाळेच्या प्रवेशद्वारावर राज्याच्या रहिवासाची अट कायद्याने घातलेली नाही. ती अट पुढे, वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आणि शिष्यवृत्तीच्या वेळी समोर येते. त्या वेळी उपयोगी पडणारे अनेक पुरावे मात्र शाळेच्या वर्षांतच तयार होत असतात.

सीमा बदलल्या, कुटुंबे तेथेच राहिली

रायपूरमधील मराठी कुटुंबांना हा प्रश्न विशेष जवळचा आहे. नागपूर ते रायपूर हे अंतर रेल्वेने सुमारे तीनशे किलोमीटरचे असून दोन्ही शहरांतील संबंध जुने आहेत. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगढचा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यानंतर हा भाग ब्रिटिशांच्या ताब्यात गेला आणि पुढे मध्य प्रांताचा घटक झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत रायपूर ज्या राज्यात होते, त्याची राजधानी नागपूर हीच होती.

पुनर्रचनेनंतर विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात गेला, तर रायपूर भोपाळ राजधानी असलेल्या नव्या मध्य प्रदेशात राहिले. त्यानंतर १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ हे स्वतंत्र राज्य अस्तित्वात आले. त्यामुळे रायपूरमध्ये आयुष्य घालवलेल्या एखाद्या ज्येष्ठ नागरिकाने घर न बदलताही तीन राज्यरचना अनुभवलेल्या असू शकतात. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ, लाखेनगर ही वसाहत किंवा माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा या खुणा मराठी भाषकांच्या दीर्घ वास्तव्याची साक्ष देतात. १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू करणारे सप्रे मराठी कुटुंबातलेच होते.

मात्र पूर्वजांचे वास्तव्य किंवा घरात बोलली जाणारी भाषा, यांपैकी कशानेही रहिवास आपोआप सिद्ध होत नाही. त्यासाठी कागद लागतो. अनेक पिढ्या रायपूरमध्ये असलेले कुटुंब आणि चार वर्षांपूर्वी नागपूरहून बदलीवर आलेले कुटुंब, या दोघांनाही एकाच खिडकीवर एकसारखाच अर्ज करावा लागतो.

शाळेत प्रवेश : कायदा काय सांगतो?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षे वयोगटातील प्रत्येक बालकाला आठवीपर्यंतच्या शिक्षणाचा हक्क या कायद्याने दिला. हा हक्क राज्याच्या रहिवासाशी जोडलेला नाही. उलट, स्थलांतरित कुटुंबांतील बालकांना प्रवेश मिळेल याची काळजी घेणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य असल्याचे कायद्याच्या कलम ९ मध्ये नमूद आहे.

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मुलांसाठी कलम ५ महत्त्वाचे आहे. आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण करण्यासाठी बालकाला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत, राज्याबाहेरसुद्धा, बदली मागता येते. कायद्यात सांगितलेल्या काही खासगी व विशेष प्रवर्गाच्या शाळांत मात्र हा बदलीचा हक्क मागता येत नाही. बदली मागितल्यास जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यायचा असतो. तो मिळण्यास उशीर झाला, या कारणावरून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येणार नाही, असे कलम १४ सांगते.

विनाअनुदानित खासगी शाळांमधील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखीव असतात. त्या जागांसाठी पत्त्याचा पुरावा मागितला जातो, मात्र त्यामागील हेतू वेगळा आहे. तेथे 'शेजारची शाळा' हे तत्त्व लागू होते. बालक कोणत्या वस्तीत राहते, घर शाळेपासून किती जवळ आहे, हे पाहिले जाते. वस्तीचा पत्ता आणि राज्याचे स्थानिक रहिवासीपण या दोन भिन्न गोष्टी आहेत. या फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच पुढील गोंधळ निर्माण होतो.

आधार कार्डाने रहिवास सिद्ध होत नाही

आधार अधिनियम, २०१६ मधील कलम ९ या बाबतीत स्पष्ट आहे. आधार क्रमांक हा स्वतःहून नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा ठरत नाही. कार्डावर छापलेला पत्ता व्यक्ती सध्या कोठे राहते हे सांगतो. ती तेथे किती वर्षांपासून राहते, हे तो सांगत नाही. अधिवासाच्या चौकशीत मात्र नेमका हाच प्रश्न विचारला जातो.

जन्म दाखल्याचे महत्त्व अलीकडे वाढले आहे. जन्म व मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शिक्षणसंस्थेतील प्रवेशासह अनेक कामांसाठी जन्मतारीख व जन्मस्थान सिद्ध करण्यास जन्म दाखला हाच पुरावा मानला जातो. छत्तीसगढमध्ये जन्म हा स्थानिक रहिवासाच्या आधारांपैकी एक असल्याने हा कागद दुहेरी उपयोगाचा ठरतो.

छत्तीसगढचे स्थानिक निवासी कोण?

स्थानिक निवासी कोणाला म्हणायचे, यासाठी राज्य शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने निर्देश दिलेले आहेत. त्यांत दोन प्रकारच्या बाबींचा विचार होतो. पहिली, कुटुंबाचे राज्याशी असलेले नाते आणि दुसरी, विद्यार्थ्याचे राज्यात झालेले शिक्षण.

कुटुंबाच्या बाबतीत पुढील आधार येतात :

- अर्जदाराचा जन्म छत्तीसगढमध्ये झालेला असणे.
- अर्जदार किंवा त्याच्या आईवडिलांपैकी कोणी, आणि ते हयात नसल्यास कायदेशीर पालक, राज्यात सलग किमान १५ वर्षे राहत असणे.
- आईवडिलांपैकी कोणी राज्य शासनाच्या सेवेत असणे किंवा त्या सेवेतून निवृत्त झालेले असणे.
- आईवडिलांपैकी कोणी केंद्र शासनाचे कर्मचारी असून छत्तीसगढमध्ये कार्यरत असणे.
- कुटुंबाची राज्यात मागील ५ वर्षांपासून स्थावर मालमत्ता, उद्योग किंवा व्यवसाय असणे.

शिक्षणाच्या बाबतीत राज्यातील संस्थेत घेतलेले शिक्षण आणि तेथून उत्तीर्ण केलेल्या परीक्षा विचारात घेतल्या जातात. प्राथमिक आणि माध्यमिक टप्प्यांवरील गुणपत्रिकांना महत्त्व येते ते यामुळेच. आपल्याला कोणता आधार लागू होतो, हे अर्ज भरण्यापूर्वी तहसील कार्यालयात विचारून घेणे हिताचे असते.

सरकारी नोकरीतील बदली आणि खासगी नोकरीतील बदली यांत येथे मोठा फरक पडतो. केंद्रीय कर्मचाऱ्याच्या मुलाला वडिलांच्या किंवा आईच्या सेवेचा आधार मिळतो. भिलाई, उरला किंवा सिलतरा येथील खासगी कारखान्यात नोकरी करणाऱ्या आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला तो आधार नसतो. त्यांना सलग वास्तव्य आणि मुलाचे शिक्षण हेच दाखवावे लागते.

अर्ज आणि कागदपत्रे

प्रमाणपत्रासाठी राज्याच्या ई-डिस्ट्रिक्ट संकेतस्थळावर, लोकसेवा केंद्रात किंवा चॉईस सेंटरमध्ये अर्ज करता येतो. छाननीनंतर महसूल अधिकारी प्रमाणपत्र देतात. छत्तीसगढ लोकसेवा हमी अधिनियम, २०११ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत देणे बंधनकारक आहे. मुदतीत निर्णय न झाल्यास किंवा अर्ज नाकारला गेल्यास अपील करता येते. त्यासाठी अर्जाची पोचपावती सांभाळून ठेवणे आवश्यक असते.

महाराष्ट्रातून आलेल्या पालकांची पहिली अडचण शब्दांची असते. महाराष्ट्रातील तलाठ्याचे काम छत्तीसगढमध्ये पटवारी पाहतो. गुणपत्रिकेला येथे 'अंकसूची' म्हणतात. शाळा सोडल्याचा दाखला 'स्थानांतरण प्रमाण पत्र' किंवा 'टीसी' या नावाने ओळखला जातो. शाळेच्या जनरल रजिस्टरला 'दाखिल-खारिज पंजी' असे नाव असून तिचा प्रमाणित उतारा जन्मतारीख आणि शिक्षणाचा कालावधी दाखवण्यास उपयोगी पडतो. सातबारा उताऱ्याच्या जागी येथे 'खसरा' आणि 'बी-१' हे कागद असतात.

वास्तव्याच्या पुराव्यांमध्ये मतदार यादीतील नोंद, शिधापत्रिका, मालमत्ता कराची पावती, वीजदेयक, भाडेकरार आणि नोकरीचे प्रमाणपत्र यांचा समावेश होतो. यांपैकी एखादा कागद एका दिवसापुरताच असतो. १५ वर्षांचे सलग वास्तव्य दाखवायचे झाल्यास वेगवेगळ्या वर्षांच्या कागदांची साखळी जुळवावी लागते. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांची वीजदेयके घरमालकाच्या नावे असतात आणि जुने भाडेकरार अनेकदा जपलेले नसतात. अशा वेळी दरवर्षी न चुकता तयार होणारा आणि संस्थेच्या दप्तरात कायम राहणारा पुरावा शाळेचाच असतो.

वेगळे शुल्क आकारणे वैध आहे का?

बाहेरच्या राज्यातील विद्यार्थ्याकडून जास्त शुल्क घेता येते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर प्रथम मध्य भारतातूनच गेला. शिंदे आणि होळकर यांच्या संस्थानांसह अनेक संस्थाने एकत्र येऊन बनलेल्या मध्य भारत राज्यात, इंदूर येथील महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात, राज्याच्या रहिवाशांना कॅपिटेशन शुल्क माफ होते. इतरांना शिकवणी शुल्काखेरीज वर्षाला १,५०० रुपये, तर शासननियुक्त उमेदवारांना १,३०० रुपये द्यावे लागत. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने याला आव्हान दिले.

'डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल जानेवारी १९५५ मध्ये लागला. राज्यघटनेच्या कलम १५ नुसार जन्मस्थानावरून भेदभाव करता येत नाही. परंतु जन्मस्थान आणि निवासस्थान या भिन्न बाबी असून निवासावर आधारलेली शुल्क सवलत घटनाबाह्य नाही, असा निर्णय न्यायालयाने बहुमताने दिला. राज्याच्या तिजोरीतून चालणाऱ्या महाविद्यालयाचा लाभ पुढे त्याच राज्यातील जनतेला मिळावा, ही अपेक्षा वाजवी मानली गेली. बाहेरून आलेल्या व्यक्तीने त्या राज्यात अधिवास मिळवला असेल आणि ती किमान ५ वर्षे तेथे राहिली असेल, तर तिलाही रहिवासी मानण्याची तरतूद त्या नियमांत होती.

पुढे या फरकाचे रूप बरेच तीव्र झाले. कर्नाटक सरकारने १९८९ मध्ये खासगी वैद्यकीय महाविद्यालयांसाठी जे वार्षिक शुल्क ठरवले, त्यात शासकीय जागांसाठी २ हजार, राज्यातील इतर विद्यार्थ्यांसाठी २५ हजार आणि राज्याबाहेरील भारतीय विद्यार्थ्यांसाठी ६० हजार रुपये अशी वर्गवारी होती. उत्तर प्रदेशातील एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर, मोहिनी जैन खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये अशी कॅपिटेशन फी घेणे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध असल्याचे सांगितले. पुढील वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात या विषयाचा पुन्हा विचार झाला आणि नंतरच्या काळात खासगी संस्थांचे शुल्क ठरवण्यासाठी राज्यांत समित्या आल्या. छत्तीसगढमध्येही व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्काचे नियमन होते.

शुल्काचा फरक अनेकदा अप्रत्यक्ष असतो. महाविद्यालयाचे छापील शुल्क सर्वांना एकच असले, तरी राज्य शासनाची शिष्यवृत्ती किंवा शुल्कप्रतिपूर्ती केवळ राज्याच्या रहिवाशांना मिळते. त्यामुळे एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या दोन विद्यार्थ्यांच्या कुटुंबांवर पडणारा भार वेगळा असतो.

अधिवास एकच, भारताचा

'राज्याचा अधिवास' हा शब्दप्रयोग रूढ असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो अचूक नाही. राज्यघटनेच्या कलम ५ मध्ये भारताच्या राज्यक्षेत्रातील अधिवासाचा उल्लेख आहे. डॉ. प्रदीप जैन खटल्यात १९८४ मध्ये निकाल देताना न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी भारतीय नागरिकाचा अधिवास एकच, तो भारताचा, ही भूमिका मांडली. राज्ये ज्याला अधिवास म्हणतात, तो प्रत्यक्षात निवास असतो. त्याच निकालात एमबीबीएसच्या सर्व जागा राज्यातील विद्यार्थ्यांसाठी ठेवण्यास न्यायालयाने मनाई केली आणि काही जागा संपूर्ण देशासाठी खुल्या ठेवण्याचा मार्ग घालून दिला. शासकीय महाविद्यालयांतील आजचा १५ टक्के अखिल भारतीय कोटा त्यातूनच आला.

रायपूरचे पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून कार्यरत आहे. तेथील अखिल भारतीय कोट्यातील जागांसाठी छत्तीसगढचा रहिवास लागत नाही. राज्य कोट्यासाठी मात्र निवास प्रमाणपत्र लागते. रायपूरच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे एम्समध्ये, राज्यनिहाय कोटा नाही. एकाच शहरातील या दोन संस्थांचे नियम वेगळे असल्याने पालकांनी ते स्वतंत्रपणे पाहणे आवश्यक आहे.

वैद्यकीय पदव्युत्तर अभ्यासक्रमांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी महत्त्वाचा निर्णय दिला. चंदीगढमधील एका महाविद्यालयाशी संबंधित या प्रकरणात, पदव्युत्तर जागांसाठी निवासावर आधारित आरक्षण कलम १४ चे उल्लंघन करणारे असल्याचे न्यायालयाने म्हटले. एमबीबीएससाठी काही प्रमाणात असे आरक्षण ठेवण्यास मात्र या निकालाने बाधा आली नाही.

एनआयटी रायपूर : प्रमाणपत्र नव्हे, बारावीचे राज्य

रायपूरच्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेचा इतिहास १९५६ पासूनचा आहे. शासकीय खाणकाम व धातुशास्त्र महाविद्यालय म्हणून ती सुरू झाली आणि २००५ मध्ये तिला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला. देशातील इतर अशा संस्थांप्रमाणे येथील साधारण निम्म्या जागा 'गृहराज्य' कोट्यात भरल्या जातात.

येथे एक महत्त्वाचा नियम अनेकांच्या नजरेतून सुटतो. गृहराज्य म्हणजे निवास प्रमाणपत्रावरील राज्य नव्हे. विद्यार्थ्याने बारावीची परीक्षा प्रथम ज्या राज्यातून उत्तीर्ण केली, तेच त्याचे गृहराज्य मानले जाते. जन्म, पालकांचे मूळ गाव किंवा मालमत्ता यांचा येथे संबंध नसतो. नागपूरचा विद्यार्थी रायपूरमधून बारावी झाला, तर एनआयटी रायपूरच्या गृहराज्य कोट्यात तो बसतो. मात्र नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेसाठी तो बाहेरच्या राज्याचा ठरतो. उलट, पिढ्यान्‌पिढ्या रायपूरमध्ये राहणाऱ्या कुटुंबाने मुलाला अकरावी-बारावीसाठी कोट्याला किंवा नागपूरला पाठवले आणि त्याने परीक्षाही तेथूनच दिली, तर घराशेजारच्या एनआयटीत त्याला गृहराज्याचा लाभ मिळत नाही. अकरावीचा प्रवेश घेतानाच हा विचार होणे गरजेचे आहे.

महाराष्ट्रात परतायचे असेल तर

रायपूरमध्ये शिकलेल्या अनेक मराठी विद्यार्थ्यांना पुढील शिक्षणासाठी पुणे, मुंबई किंवा नागपूरला जायचे असते. महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत केवळ अधिवास पुरत नाही, शालेय शिक्षणही पाहिले जाते. अभियांत्रिकीच्या 'अ' प्रकारात दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण होणे, तसेच महाराष्ट्राचा अधिवास किंवा जन्म, अशा अटी आहेत. पालक महाराष्ट्राचे अधिवासी असलेल्या आणि शासकीय सेवेतील बदलीमुळे बाहेर शिकावे लागलेल्या मुलांसाठी इतर प्रकार आहेत. महाराष्ट्राने दावा केलेल्या सीमाभागातील ८६५ गावांतून शिकलेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठीही स्वतंत्र प्रकार ठेवलेला आहे. रायपूर, इंदूर किंवा हैदराबाद येथील मराठी भाषकांसाठी केवळ भाषेच्या आधारावर अशी तरतूद नाही. वैद्यकीय शिक्षणाच्या राज्य कोट्यातही अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून होण्याची अट सर्वसाधारणपणे लागू होते.

या नियमांचा फटका बसलेले एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. वडील सीमा सुरक्षा दलात असल्याने ज्याचे शालेय शिक्षण महाराष्ट्राबाहेर झाले, अशा विद्यार्थ्याला राज्य कोट्यातील वैद्यकीय प्रवेशातून वगळण्यात आले होते. न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये त्याच्या बाजूने निर्णय दिला.

खासगी नोकरीतील कुटुंबाला असा आधार मिळणे कठीण असते. उदाहरणार्थ, नागपूरमध्ये जन्मलेला आणि नववीत असताना पालकांबरोबर रायपूरला आलेला विद्यार्थी घेता येईल. त्याची दहावी आणि बारावी रायपूरमधून होते, म्हणून महाराष्ट्राचा राज्य कोटा त्याच्या हातून जातो. जन्म छत्तीसगढमधला नाही, पालकांच्या वास्तव्याला १५ वर्षे झालेली नाहीत, घर भाड्याचे आहे. म्हणजे छत्तीसगढच्या राज्य कोट्यातही त्याची बाजू कमकुवत राहते. अशा विद्यार्थ्याची इयत्ता कोणत्याही राज्यात अडत नाही, पण सतराव्या वर्षी दोन्ही राज्यांचे दार अर्धवट बंद झालेले त्याला दिसते. अखिल भारतीय जागा, एनआयटीचा गृहराज्य कोटा आणि केंद्रीय विद्यापीठे हे पर्याय त्याच्यासाठी खुले असतात. या पर्यायांची माहिती वेळेत मिळणे हेच त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

जातीचा दाखला वेगळा, निवासाचा वेगळा

निवास प्रमाणपत्र मिळाले म्हणजे आरक्षणाचा लाभ आपोआप मिळतो असे नाही. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशावरून उद्भवलेल्या मारी चंद्रशेखर राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये हा मुद्दा स्पष्ट केला. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यनिहाय असतात आणि स्थलांतरित व्यक्तीला मूळ राज्यातील दर्जाचा लाभ नव्या राज्यात मागता येत नाही.

छत्तीसगढमध्ये जातीच्या दाखल्यासाठी पूर्वजांचे वास्तव्य ठरावीक तारखांच्या संदर्भात तपासले जाते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि इतर मागासवर्गांसाठी २६ डिसेंबर १९८४ या त्या तारखा आहेत. त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या काळातील महसुली नोंदी किंवा शाळेच्या दाखिल-खारिज पंजीतील नोंदी शोधाव्या लागतात. आजोबांच्या शाळेतील एक ओळ नातवाच्या शुल्कमाफीचा आधार ठरू शकते.

इतरत्र काय घडते?

हा प्रश्न केवळ छत्तीसगढपुरता नाही. तेलंगणात वैद्यकीय प्रवेशासाठी बारावीपर्यंतची सलग ४ वर्षे राज्यात शिकण्याची अट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हा नियम वैध ठरवला. अमेरिकेत राज्य विद्यापीठांमध्ये राज्यातील आणि राज्याबाहेरील विद्यार्थ्यांचे शुल्क उघडपणे वेगळे असते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये कनेक्टिकट राज्याच्या एका नियमाबाबत निर्णय दिला. प्रवेशाच्या वेळी बाहेरचा ठरलेला विद्यार्थी शिक्षण संपेपर्यंत कायम बाहेरचाच मानला जाई. आपण आता येथील रहिवासी झालो आहोत, हे सिद्ध करण्याची संधी त्याला मिळालीच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले.

निवासाची अट घालणे आणि निवास सिद्ध करण्याची वाजवी संधी देणे, या दोन बाबी परस्परांशी जोडलेल्या आहेत. अट असूनही पुरावा सादर करण्याचा मार्ग अवघड असेल, तर त्याचा त्रास प्रामुख्याने भाडेकरू, मजूर आणि वारंवार बदली होणाऱ्या कुटुंबांना होतो. कामासाठी इतर राज्यांत जाणाऱ्या छत्तीसगढच्या मजुरांची मुले परत आल्यावर याच अडचणीला तोंड देतात. त्यांचा जन्म बाहेरचा, शाळा मध्येच तुटलेली आणि दाखला अन्य भाषेतील असतो. अशा मुलांसाठी पालकांच्या गावातील वास्तव्याच्या नोंदी निर्णायक ठरतात.

पालकांनी काय करावे?

रायपूरमध्ये नव्याने आलेल्या कुटुंबाने पहिल्या वर्षापासूनच काही गोष्टींची काळजी घेतल्यास पुढील धावपळ टळू शकते. मुलाचा शाळाप्रवेश निवास प्रमाणपत्रासाठी थांबवू नये, कारण आठवीपर्यंत कायद्याने तशी अट घातलेली नाही. प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका आणि शुल्काची पावती जपून ठेवावी. भाडेकरार लेखी करावा आणि दरवर्षीची प्रत सांभाळावी. मतदार यादीतील नाव नव्या पत्त्यावर वेळेत नोंदवावे. जन्म दाखला, शाळेचा दाखला आणि आधार कार्ड यांवरील नाव व जन्मतारीख तंतोतंत जुळते का, हे तपासून घ्यावे. मराठी नावांचे हिंदी किंवा इंग्रजी लेखन वेगवेगळे झाल्यास अर्ज अडकण्याची शक्यता असते.

दहावीनंतर अकरावी कोणत्या राज्यात करायची, हा निर्णय शिकवणी वर्गाच्या जाहिराती पाहून न घेता प्रवेश नियम वाचून घ्यावा. हे नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून त्या त्या वर्षाची माहिती पुस्तिका पाहणे आवश्यक आहे. सोयीनुसार दोन राज्यांची निवास प्रमाणपत्रे वापरण्याचा मोहही टाळला पाहिजे. खोट्या माहितीच्या आधारे घेतलेले प्रमाणपत्र रद्द होते आणि त्यावर मिळालेला प्रवेशही जातो.

निवास प्रमाणपत्राचा अर्ज बारावीच्या निकालानंतरच्या गर्दीत न करता त्याआधी, सवडीने केलेला बरा. अर्जाला जोडायचे बहुतेक कागद त्या वेळेपर्यंत विद्यार्थ्याच्या दप्तरात आणि शाळेच्या कपाटात तयार झालेले असतात.